मधली कौलं कुणाची?

माझं पहिलं प्रवचन संपलं तेव्हा आंबेथडीच्या चर्चमधल्या अकरा माणसांपैकी दोघं झोपलेले होते, एकजण छताकडे बघत होता आणि अगदी समोर बसलेल्या राहेलबाई पारधे ओच्यातल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी ‘आमेन’ म्हटलं. झोपलेल्या दोघांनी झोपेतच ‘आमेन’ म्हटलं.

बाहेर पडताना राहेलबाईंनी माझा हात हातात घेतला. सत्तरीच्या होत्या, पण पकड एखाद्या विहीर खोदणाऱ्याची.

“सलाम, पाळकसाहेब. आवाज लई चांगला हाय तुमचा.”

“आणि प्रवचन?”

“त्ये कळलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर आवाज चांगला हाय.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला, पहिल्याच नेमणुकीवर. ते प्रवचन मी तीन रात्री खपून लिहिलं होतं आणि त्यात ‘संकल्पना’ हा शब्द सोळा वेळा आला होता.

माझ्या सदऱ्याच्या खिशात नगरच्या चर्च-मंडळाचं एक पत्र होतं. आंबेथडीचं हे चर्च काळ्या दगडाचं, शंभर वर्षांचं. एके काळी इथं दोनशे माणसं उपासनेला बसत. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी नगरला, कुणी कारखान्यावर. उरली अकरा. पाळक टिकत नव्हता. छताची मधली कौलं निखळून पडली होती आणि त्या भगदाडातून कबुतरं येत-जात होती. म्हणून मंडळानं ठरवलं होतं, की प्रफुल्ल चक्रनारायण, म्हणजे मी, इथं पाच रविवार उपासना घ्यावी. सहाव्या रविवारी अध्यक्ष रेव्हरंड रणपिसे येऊन शेवटची उपासना घेतील, सभासदांची नोंदवही आणि प्रभुभोजनाचा पेला नगरला नेतील आणि दाराला कुलूप लावतील. ‘लोकांना योग्य वेळी, सौम्य शब्दांत कळवावे,’ असं पत्राच्या शेवटी लिहिलं होतं.

ते कळवायचं काम माझं होतं. योग्य वेळ म्हणजे पाचवा रविवार, असं मी पहिल्याच दिवशी स्वतःशी ठरवून टाकलं.

त्या दुपारी जेवण राहेलबाईंकडे होतं. बाजरीची भाकरी आणि सोलाण्याची आमटी वाढताना त्यांनी सरळ विचारलं, “साहेब, तुमाला गोष्टी येत न्हाईत का?”

“कसल्या गोष्टी?”

“पवित्र शास्त्रातल्या. माझी सासू बायबल-बाई व्हती. गावोगाव पायी फिरायची. तिला ‘संकल्पना’ येत नव्हती. गिदोन यायचा. तिनं गिदोन सांगितला की बाया चूल इझवायची इसरायच्या.”

मला जरा राग आला. चार वर्षं मी शिकलो ते काय गोष्टी सांगायला? पण दुसऱ्या रविवारी, कागद समोर असूनही, त्या पुन्हा शेंगांचा ओचा घेऊन बसलेल्या दिसल्या आणि मी कागद मिटून ठेवला.

“गिदोन नावाचा एक शेतकरी होता,” मी म्हणालो. “शत्रूच्या भीतीनं तो गहू लपून झोडत होता. खळ्यावर नाही, एका खड्ड्यात.”

भिंतीशी बसलेले बर्णबा वाघचौरे दचकून ताठ झाले. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, छताकडे बघत बसणारा तो हाच. “खड्ड्यात? मग वारा कुठनं यायचा? उफणायचं कसं?”

सेमिनरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, “तेच तर. उफणता येतच नव्हतं. नाकातोंडात भुसा, अंगभर कुसं. आणि तेवढ्यात देवाचा दूत येऊन त्याला म्हणतो, हे बलवान वीरा!”

सगळे हसले. झोपणारे दोघंही जागे होऊन हसले, आणि काय झालं ते शेजारच्यांनी त्यांना मागाहून सांगितलं. मग मी पुढं गेलो. बत्तीस हजार माणसं जमली, देव म्हणाला जास्त झाली. भित्रे घरी पाठवले, दहा हजार उरले. देव म्हणाला अजून जास्तच आहेत. शेवटी तीनशे राहिले.

“तीनशेच?” राहेलबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“तीनशेच.”

त्यांनी मान वळवून मंडळीकडे पाहिलं. एका भिंतीशी सहा, दुसऱ्या भिंतीशी पाच. मग वर, भगदाडातून दिसणाऱ्या आभाळाकडे तोंड करून त्या म्हणाल्या, “बाबा देवा, आता बास कर. आता मोजू नगंस.”

त्या दिवशी उपासना दीड तास चालली, कारण सगळ्यांना काहीतरी बोलायचं होतं. उठता उठता बर्णबांनी जाहीर केलं, “फुडल्या रविवारी गोष्ट म्या सांगणार.” आणि तिथंच ठरलं, की दर रविवारी एकानं गोष्ट सांगायची, ज्या ओळीनं बसतो त्या ओळीनं.

तिसऱ्या रविवारी बर्णबा चष्मा पुसून उभे राहिले आणि त्यांनी नहेम्याच्या पुस्तकातून यरुशलेमेची पडलेली भिंत कुणी कुणी बांधली याची यादी वाचायला घेतली. नुसती नावं! अमक्यानं एवढी बांधली, त्याच्या शेजारी तमक्यानं. या अध्यायावर आमच्या परीक्षेत कधी प्रश्नसुद्धा येत नसे.

पण बर्णबा मधेच थांबले. “ऐकताय ना? सोनारानं भिंत बांधली. अत्तरवाल्यानं बांधली. शल्लूमनं बांधली, त्याच्या लेकींनी बांधली. म्या ही यादी चार डाव वाचली. ह्यात गवंडी एक बी न्हाई! सगळी बिनगवंड्याची माणसं, आन् बावन्न दिसांत भिंत हुबी.” त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि धंद्याचा अपमानही. “आन् कशी? ज्याचं घर जिथं, त्यानं त्याच्या म्होरली भिंत बांधायची. मग आपुन काय करतोय? म्या इतकी वर्षं वर बघत बसतोय. ज्यो जिथं बसतो, त्यानं त्याच्या डोक्यावरची कौलं नीट करायची. बास.”

मागच्या पडक्या शाळाखोलीवर चांगली कौलं होती. सोमवारपासून ती उतरवणं सुरू झालं. बर्णबा खाली उभे राहून ओरडायचे आणि बाकीचे वर चढायचे. राहेलबाईंना सगळ्यांनी नको म्हटलं, तरी त्या पदर खोचून शिडीवर गेल्या आणि आपल्या जागेवरची दोन कौलं बसवूनच उतरल्या. मी माझ्या डोक्यावरची बसवायला चढलो आणि तीन फोडली. शनिवारपर्यंत दोन्ही भिंतींकडची बाजू नवी दिसायला लागली.

राहिलं मधलं भगदाड.

“मधली कौलं कुणाची?” मी बर्णबांना विचारलं. “मधे तर कुणीच बसत नाही.”

मग बर्णबा हळूच म्हणाले, “ती उजागऱ्यांची जागा, साहेब. तिथं पेटी-तबला असायचा.”

शांतवन उजागरे आणि मनोहर उजागरे हे सख्खे भाऊ. अकरांपैकीच दोघं. थोरला शांतवन एका भिंतीशी बसायचा, धाकटा मनोहर दुसऱ्या. त्यांचे वडील पंचक्रोशीतले नावाजलेले भजनी. पेटी त्यांनी शांतवनला शिकवली, तबला मनोहरला. नऊ वर्षांपूर्वी म्हातारा अंथरुणाला खिळला. शांतवन औषध आणायला श्रीरामपूरला गेला, त्याची एसटी चुकली, आणि तो परत येईपर्यंत बाप गेलेला होता. पेटी मनोहरच्या घरात होती. दारातच, आलेल्या-गेलेल्यांसमोर, जे काय बोलणं झालं ते शेवटचं. तेव्हापासून त्या चर्चमध्ये पेटी वाजली नव्हती. एकमेकांना टाळत दोघं भिंतीकडे सरकले आणि त्यांच्यामागं सगळी मंडळीच दोन भिंतींना लागली.

चौथा रविवार राहेलबाईंचा होता. त्यांनी नव्वदीतल्या साराला मूल होणार हे ऐकून ती तंबूच्या आडोशाला कशी हसली ते स्वतः हसून दाखवलं, आणि ते हसू इतकं खरं होतं की बायांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण वर भगदाड तसंच होतं आणि नेमकं तेव्हाच एक कबुतर घुसलं.

ओळीप्रमाणे पाचवा रविवार शांतवनचा होता. तो येणारच नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. मला तर तसं वाटून सुटकाच झाली होती, कारण त्याच दिवशी मला पत्राचं सांगायचं होतं. पण तो आला. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं, गुडघे आखडलेले. नऊ वर्षांत त्या जागी तोंड न उघडलेला माणूस भिंतीला हात टेकून उभा राहिला.

“याकोब आन् एसाव,” तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना मनोहरकडे वळल्या.

“एसाव थोरला. बापासाठी शिकार आणायला रानात गेला. बाप आंधळा झाल्याला. हिकडं धाकट्यानं आशीर्वाद घेतला. एसाव आला, जेवण रांधून आणलं, म्हनला, बाबा, उठा, जेवा. बाप म्हनला, तू कोन?” शांतवननं उपरण्यानं तोंड पुसलं. “तू कोन, म्हनला. पोटच्या पोराला. एसाव मोठ्यानं रडला. म्हनला, बाबा, तुमच्यापाशी एकच आशीर्वाद व्हता का?”

समोरच्या भिंतीशी मनोहर खाली बघत होता.

“मग लई वर्षं गेली. याकोब परत यायला निघाला. त्याला कळलं, एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. त्याचं काळीज पाणी झालं. आन् एसावानं त्याला लांबनं बघितलं, आन्...” तो माझ्याकडे वळला. “हितं मला कळत न्हाई, साहेब. म्या ही गोष्ट पंधरा दीस वाचतोय. चारशे माणसं संगं असल्याला माणूस. ज्याचं गेलं, त्यो. त्यो धावत का आला? चालत का न्हाई आला?”

मी चार वर्षं शिकलो होतो.

पण उत्तर समोरच्या भिंतीकडून आलं. मनोहर बसूनच बोलत होता, मान वर न करता.

“दादा, बाबांनी पेटी मला दिलीच नव्हती.”

शांतवन त्याच्याकडे वळला.

“‘शांता येईपत्तुर सांभाळ,’ म्हनले. ‘त्यालाच दे,’ म्हनले. ह्येच त्यांचं शेवटचं. तू आलास आन् दारातच मला चोर म्हनलास. सगळ्यांम्होरं. मला राग आला. म्या म्हनलं, चोर तर चोर. मग एक वरीस झालं, दोन झाली... मग कोणत्या तोंडानं सांगू?” त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं. “दर दिवाळीला म्या ती पुसून ठेवतो, दादा. एक डाव बी वाजवली न्हाई.”

मग शांतवननं भिंतीवरचा हात काढला आणि मधल्या मोकळ्या जागेत पहिलं पाऊल टाकलं. मग दुसरं. गुडघे त्याला साथ देईनात. तो एवढ्याशा जागेत इतका हळू चालत होता की बघणाऱ्यांचा जीव वरखाली व्हायला लागला, आणि शेवटी राहेलबाईंना राहवलं नाही.

“आरं शांत्या, धाव की!” त्या ओरडल्या. “एसाव धावला व्हता!”

आणि साठीतला तो माणूस खरंच धावला. तीन-चार पावलंच, लंगडत, उपरणं जमिनीवर पाडत. मनोहर उठतच होता, तेवढ्यात शांतवन त्याच्या अंगावर पडला आणि दोघं धप्पकन सतरंजीवर बसले. एकमेकांच्या गळ्यात पडून लहान पोरांसारखे रडत होते, आणि सगळी मंडळी रडत होती आणि हसत होती, आणि बर्णबा कुणालाही उद्देशून नाही, नुसतेच मोठमोठ्यानं ओरडत होते, “शिडी आणा! शिडी आणा!”

त्या गलबल्यात मला आठवलं, की आज मला काहीतरी सांगायचं आहे. लोक शांत झाल्यावर मी उभा राहिलो. सौम्य शब्द एकही सुचला नाही. मी पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं.

कुणालाच धक्का बसला नाही. मी गोंधळून राहेलबाईंकडे पाहिलं.

“ठाऊक हाय आमाला,” त्या म्हणाल्या. “तुमी आल्या सांजच्याला कपाटातली नोंदवही आन् पेला कापडात गुंडाळून ठिवलात. नवा पाळक आधी चूल बघतो, नोंदवही बांधत न्हाई.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“बोलून काय करायचं? आदी तुमचं ते ‘संकल्पना’ चाललं व्हतं. मंग तुमी गिदोन सांगितलात. म्हनलं, बघू तरी फुडं काय व्हतंय.”

त्या आठवड्यात दोघा भावांनी मिळून मधली कौलं घातली. शांतवन खालून देत होता, मनोहर वर लावत होता. पेटीच्या भात्याला चिरा पडल्या होत्या. त्यांवर कातड्याच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. संध्याकाळी सूर लागला आणि तो गावभर ऐकू गेला. म्हाताऱ्या उजागऱ्याची पेटी ओळखणारी माणसं फक्त त्या गावातच नव्हती, तर नदीपलीकडच्या वाड्यांवरही होती.

सहाव्या रविवारी सकाळी रणपिसेसाहेबांची जीप चर्चसमोर थांबली. ड्रायव्हरच्या शेजारी नवं कोरं पितळी कुलूप ठेवलेलं मला दिसलं. साहेब उतरले आणि दाराशीच थबकले. आत पस्तीस माणसं होती. दोन भिंतींना नाही, मधे, दाटीनं, सगळी सतरंजी भरून. बरेच जण वर्षानुवर्षं न आलेले, काही तर निव्वळ पेटी ऐकायला आलेले. भजन सुरू होतं. शांतवनची बोटं काही ठिकाणी चुकत होती, आणि प्रत्येक चुकीला मनोहर तबल्यावरून हसत होता.

भजन संपलं. साहेब उभे राहिले. गंभीर चेहऱ्याचा, उंच माणूस. त्यांनी खिशातून टंकलेखन केलेले कागद काढले.

“साहेब, कागद ऱ्हाऊ द्या,” राहेलबाई म्हणाल्या. “आमच्यात गोष्ट सांगायची पद्धत हाय.”

“कुणी सांगायची?”

“आज पाव्हण्यानं.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला.

“माझे आजोबा मेंढरं राखायचे,” ते एकदम निराळ्याच आवाजात म्हणाले. “पारनेरकडं. दिवस मावळताना वाडग्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाच्या, तोंडाशी बसायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवायचे. मोजायला. येशूनं सांगितलेला मेंढपाळ मला नेहमी तसाच दिसतो. शंभर मेंढरं होती त्याची. एका संध्याकाळी हात ठेवता ठेवता नव्व्याण्णवच भरली. एक कमी. म्हणून नव्व्याण्णव रानातच सोडून तो त्या एकाला...”

त्यांची नजर सतरंजीवरच्या माणसांवर गेली.

“मंग?” बर्णबांनी विचारलं. “गेला का?”

“गेला.”

“किती लांब?”

साहेबांनी वर कौलांकडे बघितलं. “सापडेपर्यंत,” ते म्हणाले. “सापडेपर्यंत, असं लिहिलंय.”

“साहेब,” राहेलबाई अगदी निरागस चेहऱ्यानं म्हणाल्या, “त्या मेंढपाळाला मंडळाचं पत्र न्हवतं ना आलं? एका मेंढरापायी एवढं लांब जाणं बरं न्हाई म्हणून?”

साहेबांचे आधी खांदे हलले. मग त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. ते हसत सुटले, आणि ते हसताहेत म्हटल्यावर पस्तीस माणसांनी जे हसायला सुरुवात केली, त्यानं तुळईवरची कबुतरं फडफडून दाराबाहेर गेली.

जेवण ओट्यावर झालं. हात धुताना साहेब मला म्हणाले, “मंडळाला मी लिहीन, बंद करायचं नाही म्हणून. पण चक्रनारायण, पाळक कुठून आणू? तिघांना विचारलं होतं. या गावी यायला कुणी तयार नाही.”

इथवर एक गोष्ट मी सांगितलेली नाही. ती मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. आंबेथडीला निघालो त्याच दिवशी मी पाळकपणाचा राजीनामा लिहून ट्रंकेत ठेवला होता. पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी ठरली होती, पंधरा मार्चपासून. शिकता शिकता शास्त्रातल्या सगळ्या गोष्टी माझ्यासाठी टिपा आणि तारखा होऊन गेल्या होत्या. कुणाला काही सांगावं असं माझ्याजवळ उरलं नव्हतं. आंबेथडीचं चर्च बंद करायला माझ्याइतका योग्य माणूस मंडळाला मिळाला नसता.

“मी राहतो,” मी म्हणालो.

आवाज माझाच होता. राहेलबाई पलीकडे ताटं गोळा करत होत्या. त्यांना जराही नवल वाटलेलं दिसलं नाही.

“मग साहेब,” त्या म्हणाल्या, “पाळकाच्या खोलीला आतनं कडी न्हाई. ती आधी बसवून घ्या. न्हाई तर माणसं कवाबी आत येत्याल.”

मी तिथं एकोणीस वर्षं राहिलो. कडी काही बसवली नाही.